नाव विचारल्याशिवाय सोयरीक होत नाही

गेल्या भाद्रपदात सातारा जिल्ह्यातल्या एका सड्यावर आम्ही वीसेक जण गोल करून उभे होतो. धुकं उतरलं होतं. जांभ्या कातळावर बोटभर पाणी साचलेलं, आणि नजर पोचेल तिथवर त्या पाण्यातून वर आलेली निळसर जांभळी, बारीक फुलं. मी वाकले आणि शिबिर घेणाऱ्या तरुणाला विचारलं, "हे फूल कुठलं?" त्याने हसून मान हलवली. "नाव नका विचारू, मॅडम. नाव आलं की विचार आला, विचार आला की क्षण गेला. डोळे मिटा. फक्त श्वासाकडे बघा." सगळ्यांनी डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. रात्रभर प्रवास करून कल्याणहून तिथवर गेले होते ती बघायला. गुडघे टेकून खाली बसले आणि ते फूल जवळून पाहिलं. करंगळीच्या नखापेक्षा लहान. दोऱ्यासारखा देठ. पानं म्हणावीत तर दिसतच नाहीत. त्याचं नाव मला नंतर, सड्याखालच्या वाडीतल्या एका शाळकरी मुलीने सांगितलं. सीतेची आसवं. पुढचं मी घरी येऊन वाचलं. या फुलाच्या मुळाशी, ओल्या मातीत, खसखशीएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाला झाकण, झाकणाला केस. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव त्या केसाला लागला की झाकण उघडतं आणि पापणी लवायच्या आत पाणी त्या जिवासकट आत ओढलं जातं. सड्यावर माती जेमतेम वितभर, त्यातलं सत्त्व धुवाधार पाऊस धुऊन नेतो. जे मातीत मिळत नाही ते ही वनस्पती शिकार करून मिळवते. आम्ही ज्या क्षणी तिथे शांततेचा अनुभव घेत होतो, त्याच क्षणी आमच्या बुटांखाली अशी असंख्य झाकणं उघडत-मिटत होती. आणि आम्हाला सांगितलं जात होतं की डोळे मिटा.

त्या शिबिराबद्दल माझी वैयक्तिक तक्रार नाही. जेवण चांगलं होतं, तो मुलगाही मनाने निर्मळ होता. माझं भांडण तो ज्या विचाराने बोलत होता त्या विचाराशी आहे, कारण तो त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. आज निसर्गात जाण्याबद्दल जे काही बोललं, छापलं, विकलं जातं त्यात हाच विचार भरून आहे. तो असा : शहराने आपलं मन थकवलं आहे. रान हे त्यावरचं औषध. तिथे जा, मोबाइल बंद करा, डोकं रिकामं करा, स्वतःशी संवाद साधा. माहितीचं ओझं नेऊ नका, झाडाला नाव नसतं, नाव माणूस देतो. जायचं ते पावसाळ्यात, कारण सह्याद्री तेव्हाच जिवंत असतो. आणि शक्यतो गाव टाळून, माणसं टाळून जा. गावातली माणसं रानाकडे सरपण आणि भाजी म्हणून बघतात, त्यांना पोटाची चिंता. चिंतन हे आपलं काम.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

रानात मन निवतं, एवढं मी मान्य करते. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये 'शिनरिन-योकू' हा शब्द काढला, म्हणजे अरण्यस्नान. झाडांमध्ये सावकाश चाललं की शरीरावरचा ताण उतरतो हे त्यानंतर तिथल्या अभ्यासांत दिसलं आहे. माझाही अनुभव तोच. पण ताण उतरणं हा रानात जाण्याचा हेतूच मानला, तर रानाची गरजच काय? बागेतही ताण उतरतो, गरम पाण्याने आंघोळ केली तरी उतरतो, नातवंडाला मांडीवर घेतलं तरी उतरतो. माझी नाडी संथ झाली म्हणून एखाद्या सड्यावरची खाण थांबली, असं कधी झालं आहे का? औषध म्हणून वापरलेली वस्तू गुण आला की आपण बाजूला ठेवतो. रानाला औषध म्हणणाऱ्याला रानाशी नातं सांगता येणार नाही.

आता नावाबद्दल. नाव आलं की क्षण जातो, असं म्हणणाऱ्यांनी ज्या शब्दावर हा सगळा डोलारा उभा केला आहे तो शब्द तरी तपासायला हवा होता. इंग्रजीतला 'माइंडफुलनेस' हा शब्द ऱ्हिस डेव्हिड्स या पाली पंडिताने 1881 मध्ये ज्या शब्दासाठी योजला तो पालीतला 'सती'. आणि सती म्हणजे आपला संस्कृतातला 'स्मृती'. आठवण. 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी दुखणाईतांसाठी या साधनेचा अभ्यासक्रम सुरू केला आणि तिथून ती जगभर गेली. त्या वाटेत कुठे तरी आठवण गळून पडली आणि फक्त 'हा क्षण' उरला. मूळ शब्दात सजग माणूस म्हणजे ज्याला आठवतं तो. गेल्या वर्षी हे फूल याच डबक्यात होतं का, या ओढ्याला गौरी येईपर्यंत पाणी असायचं, यंदा का नाही, हे ज्याला आठवतं त्याचं मन जागं आहे. ज्याच्याकडे नाव नाही त्याच्याकडे आठवण कशाला टांगून ठेवायची?

आपल्या भाषेत तर नावं म्हणजेच साठवलेलं लक्ष आहे. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि तेवढ्या मुदतीच्या प्रत्येक पावसाला शेतकऱ्याने वेगळं नाव ठेवलं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा, हस्ताचा हत्तीचा. ही नावं कुणी खोलीत बसून पाडलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या दर पंधरवड्याला आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांनी पावसाचा स्वभाव ओळखला, त्याचं वय ओळखलं, त्याचं घरातलं नातं ओळखलं. आमच्या शिबिरात त्या दोन दिवसांत पडलेल्या पावसाला एकच शब्द होता : 'मस्त'. यातलं कुणाचं मन अधिक जागं म्हणायचं?

मारुती चितमपल्लींचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर कायम असतं. वनखात्याच्या नोकरीत त्यांची हयात रानात गेली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी 18 जूनला सोलापुरात ते गेले. त्या माणसाने रानात काय केलं? ढिवरांना, गोंडांना, पारध्यांना नावं विचारली. पाखरांची, माशांची, झाडांची, पाण्याच्या प्रकारांची. 'पक्षिकोश' त्यातूनच झाला. त्यांच्या लेखनातली शांतता ज्यांनी अनुभवली आहे त्यांनी सांगावं, ती नावं टाळून आलेली आहे का? एकेक नाव मिळवण्यासाठी एकेका माणसाजवळ तासन्‌तास बसण्यातून ती आली आहे.

शिबिराच्या पत्रकावर तुकोबांचा अभंग छापला होता, झाडावेलींना सोयरे म्हणणारा. तो आता सहलीच्या बॅनरवर, चहाच्या कपावर, कुठेही छापतात. छापणाऱ्यांना मला विचारायचं आहे, सोयरा म्हणजे कोण? मित्र नव्हे, ओळखीचा नव्हे. सोयरीक ठरते तेव्हा आधी नाव विचारतात, गाव विचारतात, कूळ विचारतात, मामाचं गाव विचारतात. मग देणंघेणं सुरू होतं, मानपान येतो, रुसवे येतात. सोयऱ्याच्या घरी फक्त लग्नाला जाऊन चालत नाही. दुखण्याला जावं लागतं, दहाव्याला जावं लागतं. देहूजवळच्या भंडारा डोंगरावर, भामचंद्रावर एकांतात बसणाऱ्या तुकोबांनी झाडांसाठी हा शब्द निवडला. त्यांना विरंगुळा म्हणायचा असता तर भाषेत त्यालाही शब्द होता. ज्याचं नाव विचारायचं नाही, ज्याच्या दुःखाला जायचं नाही, तो आपला सोयरा कसा?

सह्याद्रीच्या दुःखाला कुणी जात नाही, आणि म्हणूनच मला त्या 'पावसाळाच खरा' या म्हणण्याची सर्वांत जास्त चीड येते. जून उजाडला की गाड्यांच्या रांगा, सप्टेंबर संपला की वाटा रिकाम्या. उरलेले आठ महिने तिथे काही घडतच नाही, असं गृहीत धरलेलं. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' 1956 मध्ये आलं. त्यात बाराही महिन्यांना जागा आहे. उन्हाळ्याचे महिने त्यांनी वगळले नाहीत. सत्तर वर्षं होत आली, आपण ते पुस्तक कपाटात ठेवलं आणि चार महिन्यांचे झालो.

माघ-फाल्गुनात या डोंगरांत येऊन बघा. ऐनाची पानं गळून खाली चुरा झालेला असतो, आणि पाऊल टाकलं की तो चुरा एवढा वाजतो की मुंगूसही दहा पावलांवरून कळतं. पावसाळ्यात ही श्रवणाची सोय नसते, सगळे आवाज पाण्याखाली जातात. काटेसावरीवर एक पान नसतं आणि झाड लाल फुलांनी लगडलेलं. सकाळी त्यावर मैना, कोतवाल, बुलबुल, खारी असं सगळं गाव लोटलेलं. पळस, पांगारा त्याच सुमाराला. मग चैत्रात कोशिंबाला पालवी येते. ती हिरवी नसते. लालभडक असते, लांबून बघणाऱ्याला झाड फुललं असं वाटावं इतकी, आणि हळूहळू तांबूस, पोपटी होत हिरवी होते. अंजनीच्या काळपट फांद्यांना निळ्या फुलांचे झुबके चिकटतात. वैशाखात करवंदीच्या जाळ्या काळ्या होतात, नवरंग पक्षी विणीसाठी आलेला असतो आणि सकाळी दोन सुरांची शीळ घालतो, पावशा ओरडायला लागतो. उन्हाने कातळ तापलेला असतो, ओठ सुकतात, आणि त्या कोरडेपणातच झाडं पानं, फुलं, फळं काढत असतात. पाणी नसताना जगायचं कसं, हे बघायचं असेल तर दुसरा ऋतू नाही.

आणि वणवा. तोही याच दिवसांत लागतो. गवत वाळलेलं असतं, कुणीतरी काडी लावतं, कधी चांगलं गवत यावं या समजुतीने, कधी शिकारीसाठी, कधी नुसती पेटती विडी टाकून. रात्री अख्खी डोंगररांग पेटलेली दिसते. एका चैत्रात मी जळलेल्या उतारावरून चालले होते. राख घोट्यापर्यंत. एका दगडाच्या आडोशाला रातव्याची दोन अंडी होती, काळी पडलेली. आईचा पत्ता नव्हता. त्याच उतारावर ऑगस्टमध्ये लोक 'स्वर्ग' म्हणून फोटो काढतात. मी तो स्वर्ग नाकारत नाही. पण ज्याने ती अंडी पाहिली नाहीत, त्याने या डोंगराचं चिंतन केलं असं कसं म्हणू? पावसाळ्यात येणाऱ्या हजारो माणसांपैकी शंभर जण जरी मार्चमध्ये आले असते आणि गावातल्या पोरांबरोबर जाळपट्टे काढायला उभे राहिले असते, तर किती उतार वाचले असते?

पावसाळ्याबद्दल एक गोष्ट आपण साफ विसरलो आहोत. या डोंगरांत ध्यानाला बसणारे आपण पहिले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खू इथे बसत होते. कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत, जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक. खोल्यांत दगडी बाक, दाराशी पाण्याची पोढी. पोढ्या कुणी दान दिल्या ते शिलालेखांत कोरलेलं आहे. या भिक्खूंचा नियम काय होता? पावसाळ्याचे तीन महिने फिरायचं नाही. वर्षावास. भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, विनयात, त्याचं कारण सांगितलं आहे : पावसात भिक्खू फिरतात, ओलं गवत तुडवतात, बारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांनी तक्रार केली. पाखरंसुद्धा पावसाळ्यात घरटं धरून बसतात, यांना का बसवत नाही, असं लोक म्हणाले. आणि बुद्धांनी लोकांचं ऐकलं. सजगतेचा मूळ पुरुष पावसाळ्यात पाय आवरा म्हणतो. त्याचंच नाव सांगणारी आमची शिबिरं नेमकी पावसाळ्यातच सड्यावर चाळीस बूट घेऊन जातात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर माणसं दहा दिवस डोळे मिटून बसतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. ती खोलीत बसतात. जिथे फूल पायाखाली येतं तिथे डोळे उघडेच हवेत.

काजव्यांचंही तेच चाललं आहे. मेच्या शेवटाला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे काजवे बघायला झुंबड उडते. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर अशी झाडं रात्री लुकलुकतात. तो प्रकाश नर-मादीने एकमेकांना दिलेली हाक आहे. त्यांच्याकडे वेळ थोडा असतो, काही आठवडे. गाड्यांचे दिवे आणि टॉर्च पडले की हाक पोचत नाही. विलक्षण शांत वाटलं, असं परत आल्यावर लोक सांगतात. शांत तुम्हाला वाटलं. त्यांचं त्या रात्री काय झालं, हा प्रश्न मनात आला का? मराठीत आपण 'भान ठेव' म्हणतो ते कशाचं? मुलाला आजी म्हणते तेव्हा तिला श्वासाचं भान अभिप्रेत नसतं. समोर कोण आहे, वेळ कुठली आहे, आपल्या वागण्याचा कुणाला त्रास होतो आहे, याचं भान. आपल्या भाषेतली सजगता बाहेर बघणारी आहे.

तिच्यावर जीवही अवलंबून असतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या जागी कुणीही असू शकलं असतं. मला दोष द्यायचा आहे तो निसर्ग म्हणजे मनाला निववणारं मवाळ काहीतरी, या शिकवणुकीला. डोंगराखालच्या गावातलं पोरगंही जाणतं की ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाज जड झाला की वर पाऊस झालेला आहे. आहे तिथून वर सरकायचं. हे ज्ञान म्हणजे 'माहितीचं ओझं' का? शहरातल्या मुलांना आपण धबधब्याखाली डोळे मिटून उभं राहायला शिकवतो आणि पाण्याचा रंग वाचायला शिकवत नाही.

उरला गावातल्या माणसांचा मुद्दा. रान त्यांच्यासाठी पोट, आपल्यासाठी चिंतन, ही वाटणी ज्याने केली त्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात कल्याण स्टेशनबाहेर माझ्याबरोबर उभं राहावं. मुरबाडकडच्या बाया तिथे शेवळं घेऊन बसतात. जांभळट तपकिरी, भाल्याच्या टोकासारखी गुंडाळलेली शेवळं, आणि शेजारी हिरव्या काकडांचा ढीग. शेवळं खाजरी असतात. वरची आवरणं सोलायची, आतला पिवळट भाग टाकून द्यायचा, काकडं वाटून त्यांचा आंबट रस घालायचा, तेव्हा ती घशाला लागत नाहीत. पहिल्या सरींबरोबर जमिनीतून आधी हे फूल येतं, पान मागाहून. मोजून थोडे दिवस. मी एका मावशीकडून गेली अकरा वर्षं शेवळं घेते. एका वर्षी जुड्या अगदी लहान होत्या. मी विचारलं तर म्हणाली, "मागं राहिली यंदा, ताई. वळीव कुठं पडला? जमीन तापली नुसती, भिजली नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आम्ही बी निम्मीच काढली. सगळी काढली तर फुडं काय?"

गिऱ्हाईक उभं, विकली तेवढी कमाई. तरी तिने निम्मी जमिनीत ठेवली. न पडलेला वळीव, तापलेली जमीन आणि पुढच्या वर्षीची शेवळं ती एका वाक्यात धरून होती. मी तिच्याशी बोलले तेव्हा आमच्या बाजूने लोकलची गर्दी धावत होती, रिक्षावाले ओरडत होते. चिंतनाला याहून वेगळं काय लागतं? पोटाची चिंता आहे म्हणूनच तिचं लक्ष इतकं बारीक आहे. ज्याचं काही अवलंबून नाही त्याचं लक्ष दोन दिवसांत उडतं.

कुणाला हे एकट्या बाईचं उदाहरण वाटेल. मग गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गावाकडे बघा. गोंडांचं छोटं गाव. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या गावांपैकी हे एक. त्यामागे काय होतं? अभ्यासगट. एखाद्या प्रश्नावर माणसं जमायची, बाहेरून जाणकार बोलवायची, चर्चा करायची, आणि मग ग्रामसभेत निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं. बांबू किती तोडायचा, मध काढताना पोळं कसं वाचवायचं, असे विषय. जंगलाच्या काठावर बसून वर्षानुवर्षं केलेला विचार म्हणजे चिंतन नव्हे, आणि शहरातून येऊन दोन दिवस काही विचार न करणं म्हणजे चिंतन, हे मला कुणीतरी पटवून द्यावं. तेच आपल्या देवरायांचं. वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, हा तिथला नियम. देवराईत गेलं की शांत वाटतं हे खरं. ती शांतता पिढ्यांनी हात आवरून जपलेली आहे. ती आयती अनुभवून परत येणाऱ्याने निदान त्या गावाचं नाव तरी विचारावं.

मला माहीत आहे, यावर उत्तर येईल : बाई, लोक दमलेले असतात, आठवड्याची एक सुट्टी मिळते, त्यांना जाऊ द्या की. जावं, जरूर जावं. मीही चाळीस वर्षं लोकलने नोकरी केली, दमणं मला कुणी सांगायला नको. पण दमलेल्या माणसाला आपण काय देतो आहोत, हा माझा प्रश्न आहे. आठवडाभर तो स्वतःच्याच कामात, स्वतःच्याच काळजीत, स्वतःच्याच फोनमध्ये कोंडलेला असतो. रानात नेऊन त्याला पुन्हा स्वतःच्याच आत बघायला सांगायचं? त्याला बाहेर काढा. मुंगळ्याच्या रांगेमागे अर्धा तास बसवा. ऐनाच्या सालीवर हात ठेवायला सांगा, सुसरीच्या पाठीसारखी लागते ती. स्वतःचा विसर पडणं हीच जर विश्रांती, तर ती दुसऱ्या कुणाकडे मन लावूनच मिळते.

आणि ती दोन दिवसांत मिळत नाही. कारवी घ्या. सह्याद्रीच्या उतारांवर माणसाच्या उंचीची झुडपं, वाडीतल्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या, वर शेणमातीचा लेप. सात वर्षं ती नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते, सगळा डोंगर एकदम. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2008 मध्ये फुलली, 2016 मध्ये फुलली, 2024 मध्ये फुलली. फुलून झालं की बोंडं धरून वाळते आणि मरते. पाण्याने बोंडं तडकतात आणि बी उडतं. हा एक ऋतू आठ वर्षांचा आहे. कोणतं शिबिर तो पुरा करून देणार? 2016 ची कारवी मी पाहिली तेव्हा माझ्याबरोबर माझी थोरली बहीण होती. 2024 ला मी एकटीच होते, तिच्या वाट्याची फुलंही मीच पाहिली. काळ म्हणजे काय, हे मला त्या उतारावर उभं राहून जेवढं कळलं तेवढं कुठल्याही श्वासाच्या अभ्यासात कळलेलं नाही, आणि त्याचं कारण मला कारवीचं नाव माहीत होतं, तिचं वर्ष आठवत होतं.

म्हणून माझं सांगणं आहे, वाचणाऱ्याला थेट. एक जागा धरा. घरापासून तासाभरावरचा डोंगर, टेकडी, ओढा, काहीही. तिथे बारा महिने जा, उन्हातसुद्धा, मुद्दाम उन्हातच. जवळच्या वाडीत जी म्हातारी दारात बसलेली दिसेल तिला आजी म्हणून हाक मारा, तिच्याजवळ टेका आणि समोरच्या झाडाचं नाव विचारा. ते फुलतं कधी, पूर्वी कधी फुलायचं, ते विचारा. वणव्याच्या दिवसांत गावातल्या पोरांबरोबर झाडू घेऊन उभे राहा. फुलाशी आलात तर डोळे उघडे ठेवा आणि पाऊल मागे घ्या.

बोरिवलीत 2024 ला फुललेली कारवी मेली आहे. तिच्या बियांतून आलेली रोपं उतारावर वाढत आहेत. त्यांचं वर्ष 2032.